आईची गाणी कशात टाइप करावीत

आई गेली त्या वर्षी मी रांजणगावच्या एका कारखान्यात वेबपानं बनवायचो. त्या कामाचा माझा एडिटर, म्हणजे कोड लिहायचा प्रोग्राम, देखणा होता. वेबपानाच्या खुणा, म्हणजे टॅग, निळे, आकडे हिरवे, बाकी काळं. हात बसलेला होता, म्हणून आईची गाणीही त्यातच टाइप करायला घेतली.

दौंडला आमच्या वस्तीतल्या विहारात आई बायकांना घेऊन गाणी म्हणायची. गाणी तिनंच रचलेली, पण कधी कागदावर आली नाहीत. पूर्ण पाठ होती ती फक्त न्हावऱ्याच्या मावशीला. आईच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम उरकल्यावर ती माझ्या शेजारी बसली आणि थांबत, डोळे पुसत एकेक गाणं सांगत गेली. पडद्यावर वेलांट्या अक्षरांपासून सुटून बाजूला उभ्या राहत होत्या. मी ते चालवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली. एडिटरनं आपणहून घातलेले टॅग जागच्या जागी होते आणि त्यांच्यामध्ये नुसती प्रश्नचिन्हं. त्या एडिटरला देवनागरी साठवताच येत नव्हती.

मावशीला पुन्हा ते सगळं सांगायला लावायचं माझ्या जिवावर आलं. तरी रविवारी एसटीनं न्हावऱ्याला गेलो. ती अंगणात कांदा निवडत होती.

"म्हंजी समदं गेलं?"

"सगळं."

"आन् कंपनी तुला ह्याच कामाचा पगार देती व्हय?"

मला हसू आलं. ती म्हणाली, "बस हितं. कांदा निवडता निवडता सांगते. पर ह्या बारीला कागदावर घे."

हात कामात होते म्हणून असेल, या वेळी ती रडली नाही. चालीवर, मोकळ्या आवाजात म्हणाली. शेजारची बाईही टोपलं घेऊन येऊन बसली.

घरी येऊन संगणकातला साधा नोटपॅड उघडला आणि कागदावर उतरवलेली गाणी त्यात टाइप केली. त्यात रंग नव्हते, पण वेलांट्या अक्षरांना धरून होत्या. सेव्ह करताना खालच्या चौकटीत देवनागरी साठवणारा युनिकोडचा पर्याय निवडला. मग संगणक बंद केला, पुन्हा चालू केला आणि फाइल उघडली. गाणी होती. शेवटच्या ओळीपर्यंत वाचून पाहिली.

मावशीला फोन लावला.

"टिकलं का रं?"

"टिकलं."

"मग ते दुसरं टाकून दे."

"कामाला लागतं, मावशी."

"कामाला ठेव. माझ्या बहिणीचं त्यात घालू नगं."

मी बरं म्हटलं. बडोद्याला असलेल्या माझ्या बहिणीला फाइल पाठवली आणि जेवायला बसलो. बऱ्याच दिवसांनी भूक लागली होती.