फिल्टरवरचा फिल्टर

नव्या कोऱ्या वस्तूला हवा लागू न देता ती आयुष्यभर वापरणारा माणूस अख्ख्या नाशिक जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझे साडू आहेत. इंदिरानगरातल्या त्यांच्या घरात टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो. सोफ्यावर कव्हर असतं आणि ते कव्हर मळू नये म्हणून त्यावर चादर. सोफ्याचा मूळ रंग कोणता, याबद्दल त्यांचं आणि माझ्या मेहुणीचं आजही एकमत नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "साडूभाऊ, वस्तू टिकली की रंग कधीही बघता येतो." मी त्या वाक्यावर बराच वेळ विचार केला, आणि चहा पिऊन घरी आलो.

अशा माणसाने निवृत्तीनंतर कॅमेरा घेतला, आणि त्याला वाटीएवढ्या तोंडाची लेन्स. मिणमिणत्या उजेडातही फोटो निघतो अशी तिची ख्याती. पण एवढी मोठी काच उघडी ठेवायची म्हणजे साडूंच्या लेखी पाप. म्हणून त्यांनी तिच्यावर साध्या काचेचा एक फिल्टर बसवला. त्याला ओरखडा पडू नये म्हणून त्यावर दुसरा. सोमेश्वरच्या धबधब्यावर तुषार उडतात म्हणून तिसरा. लेन्स जेवणाच्या डब्यासारखी दिसू लागली आणि फोटोचे चारही कोपरे काळे यायला लागले. हा सगळा त्या फिल्टरच्या कड्यांचा प्रताप होता, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा साडूंची कारणं वेगळी होती. कधी म्हणायचे, घराच्या कोपऱ्यांतच उजेड कमी आहे. निफाडला भर उन्हात द्राक्षाच्या बागेतही कोपरे काळेच आले, तेव्हा म्हणाले, कडेला उभी राहणारी माणसं मुळातच बुजरी असतात. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने सांगून पाहिलं, की फिल्टर काढा आणि लेन्सचं तोंड जरा मिटून घ्या, कोपरे उजळतील. साडू हसले. "उजेड पिणारी लेन्स घ्यायची आणि तिलाच तोंड मिटायला सांगायचं?" मला दोघांचंही पटलं. फोटोग्राफीत मला नेहमी दोघांचंही पटतं.

मग आमच्या बायकांच्या मावशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी कळवणहून साडूंकडे राहायला आल्या. पट्टी निघाल्याच्या आनंदात साडूंनी सगळ्यांचा फोटो काढला. मावशी सवयीप्रमाणे अगदी कडेला उभ्या राहिल्या. फोटो मोठा छापून आला, तेव्हा तो खिडकीशी नेऊन त्या बघत बसल्या.

"जावईबापू, यात मी कुठं हाय?"

"या काय, इथे."

"काळं दिसतंय तिथं."

"छे, छे. उत्तम आलाय. लेन्स कोणती आहे ते तरी बघा."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. साडूंच्या फोटोला नावं ठेवायची नाहीत, असा घरात रिवाजच पडला होता.

त्यानंतर मावशी गप्पच झाल्या. तांदूळ निवडायला घेईनात. दाराची चौकट चाचपत चालू लागल्या. डॉक्टर तर म्हणत होते डोळा उत्तम आहे. आम्हाला काही उमगेना. शेवटी त्या माझ्या बायकोजवळ हळूच बोलल्या, "डोळा वाया गेला गं. तुम्हा समद्यांना फोटो चांगला दिसतो, मलाच काळा दिसतो. तुम्ही येवढं केलं माझं, कोणत्या तोंडानं सांगू?"

साडू दारातच उभे होते. त्यांचा चेहरा पार उतरला. त्यांनी कॅमेरा आणला आणि फिल्टर फिरवायला घेतले. ते इतके घट्ट बसले होते की भांडी घासायचा रबरी हातमोजा घालावा लागला. एकेक करून तिन्ही निघाले. मग मावशींना मधोमध खुर्चीवर बसवून त्यांनी फोटो काढला आणि कॅमेऱ्याचा पडदा त्यांच्यासमोर धरला.

"मावशी, डोळा चांगला आहे तुमचा. माझा फोटोच वाईट होता. पहिल्यापासून वाईटच येतात."

हे वाक्य आमच्या घरात याआधी कुणी उच्चारलं नव्हतं. मेहुणी तर मटकन सोफ्यावर बसली. मावशी पडद्याकडे बघत राहिल्या. "लुगड्याचा काठ बी दिसतोय," म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी ते काढून ठेवलेले फिल्टर पाहिले. "याच्या डोळ्याला बी पट्टी बांधली व्हती का?" असं म्हणून त्या उघड्या काचेवरून त्यांनी मायेने अंगठा फिरवला. साडूंचा श्वास अडकलेला मला ऐकू आला, पण त्यांनी कॅमेरा मागे घेतला नाही.

मावशी गेल्या हिवाळ्यात वारल्या. भिंतीवर त्यांचा तोच खुर्चीवरचा फोटो आहे. परवा साडू कॅमेरा मांडीवर घेऊन बसले होते. लेन्स तशीच उघडी, आणि काचेवर अंगठ्याचा पुसटसा डाग. इतक्या टापटिपीच्या माणसाच्या नजरेतून तो सुटला कसा, मला कळेना. मी खिशातून रुमाल काढला. साडूंनी कॅमेरा अलगद बाजूला घेतला.

"राहू द्या, साडूभाऊ," ते म्हणाले. "फोटोत येत नाही तो."