ओतिलियाचं हसू

आमच्या लोरिका गावात माणूस गेलं की नऊ दिवस घरात जपमाळ चालते आणि अंगणात विनोद. रडायचं घरच्यांनी, हसवायचं शेजाऱ्यांनी. घरच्या माणसानं स्वतः विनोद सांगायचा नाही, हा नेम.

माझे शेजारी प्रोफेसर एउदाल्दो बेरोकाल यांनी अख्खी नोकरी याच अंगणांवर काढली. विद्यापीठात ते लोककथा आणि विनोद शिकवायचे. गावात कुणी गेलं की टेपरेकॉर्डर घेऊन स्वारी हजर, सोबत बहीण ओतिलिया. लग्न दोघांनीही केलं नाही. बरं, प्रोफेसर गुमान बसतील तर शपथ! हशा पिकायच्या ऐन वेळी म्हणायचे, "थांबा, पुन्हा सांगा, टेप सुरू नव्हती." मेलेला विनोद कधी उठतो का? त्यांना बघितलं की लोक सावरून बसायचे, शर्टाची बटणं लावायचे. "तुम्हीही सांगा की एखादा," म्हटलं तर म्हणायचे, "मी ऐकायला आलोय."

मग ओतिलियाच गेली. मी अंगणात खुर्च्या मांडल्या, कॉफी फिरवली, रम ठेवली. सगळं गाव आलं आणि चिडीचूप बसलं. एवढ्या शिकलेल्या माणसाच्या दारात वेडंवाकडं कोण बोलणार? रोज तेच. प्रोफेसर दारात उभे राहून एकेकाच्या तोंडाकडे बघायचे. मला म्हणाले, "निदिया, तिच्या अंगणात कुणीच हसत नाही गं."

माझा जीव तुटला. नवव्या दिवशी दुपारी मी ओरडलेच, "दातखीळ बसली का रे तुमची? ओतिलिया गेलीय, बिशप नाही!" कुणीतरी खोकलं, बस्स.

तेव्हा प्रोफेसर आतून टेपरेकॉर्डर घेऊन आले. लोक आणखीच ताठ झाले. त्यांनी बटण दाबलं, आणि केव्हाच वारलेला पास्कुआल न्हावी बोलायला लागला. "चानो दारूच्या नशेत भलत्याच मयताला गेला. पोटभर रडला. निघताना विधवेला म्हणाला, बाई, तुमचा नवरा देवमाणूस होता हो! ती म्हणाली, मग तू घर चुकलास, बाबा."

त्यामागून ओतिलिया हसली. आधी नाकातून घुर्रकन, मग श्वास कोंडून, मग खदाखदा.

"अगं बाई, हीच ती!" मागून कुणीतरी ओरडलं. "हिच्या शेजारी बसलं की माझी रम सांडायचीच!" अंगण हशानं फुटलं. बटणं सुटली, एकाचा विनोद संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू. मी तर डोळे पुसत हसत होते.

प्रोफेसर हसले नाहीत. "सांगणाऱ्या प्रत्येकाचं नाव मी लिहिलं," ते म्हणाले. "हसणारीचं कुठंच नाही."

लोक पांगल्यावर त्यांनी ती टेप माझ्या हातात ठेवली. "माझ्या वेळी ही लाव."

"काहीतरीच! आम्ही आहोत की सगळे."

"तुम्ही सावरून बसाल, निदिया," ते म्हणाले. "ती तरी हसेल."