केरबाच्या शेळ्या आणि दिलखुशची पोस्टरं

पोलीस अ‍ॅक्शन होऊन निजामाचं राज्य गेल्याला पाच-सहा वर्षं झाली असतील. तेव्हा औरंगाबादेत एक बातमी कानोकानी फिरत होती, की हर्सूलच्या केरबाच्या शेळ्या विजयश्री टॉकीजच्या पगारावर आहेत. सांगणारा आधी मागं वळून बघायचा, कुणी ऐकत तर नाही ना, आणि मग चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा. शेळ्यांना पगार रोख मिळतो की सरकीच्या रूपात, एवढ्यावरच काय तो मतभेद होता.

केरबा म्हणजे उंच, वाळलेला गडी. खांद्यावर घोंगडी आणि तोंडावर कायम ‘आपण इथं कशाला आलो होतो बुवा’ असा भाव. रोज सकाळी तो शेळ्या घेऊन शहरात यायचा आणि गिऱ्हाइकाच्या दारातच दूध काढून द्यायचा. गिऱ्हाईक म्हणजे तान्ही पोरं, छातीचे आजारी, आणि शेळीच्या दुधानं अक्कल वाढते असं कुणीतरी सांगून ठेवलेले एक वकील. वकीलसाहेब बारा महिने दूध प्यायले. पुढचं मी बोलत नाही.

शहरात तेव्हा दोन टॉकीजांची जुंपलेली होती, दिलखुश आणि विजयश्री. शुक्रवारी नवा खेळ लागायचा, म्हणून गुरुवारी संध्याकाळी दोन्हीकडची माणसं भिंतींवर पोस्टरं चिकटवत फिरायची. विजयश्रीचा माणूस शिडी लावून उंचावर चिकटवी. दिलखुशचा कडूबा शिडीला भ्यायचा, म्हणून हात पोचेल तिथं चिकटवी. आणि शुक्रवारी ऊन वर आलं की विजयश्रीची पोस्टरं जागच्या जागी, दिलखुशच्या भिंती मात्र उघड्या.

दिलखुशचे मॅनेजर नानासाहेब. काळी टोपी, अंगात कोट, रागावले की मराठीतून उर्दूत शिरायचे. त्यांनी कडूबाला धरलं.

“मी चिकटवली व्हती मालक, तुमच्या समोर,” कडूबा म्हणाला. “शेळ्यांनी खाल्ली असतील. त्या केरबाच्या शेळ्या दर शुक्रवारी तिथंच उभ्या असत्यात.”

उभ्या असायच्या हे खरंच होतं. आणि विजयश्रीच्या पोस्टरांना धक्का लागत नव्हता, हेही खरं होतं. झालं, पगाराची बातमी तिथंच जन्माला आली.

आता केरबाचं ऐका. दर शुक्रवारी त्याला भिंतीच्या पायथ्याशी मोठमोठे रंगीत कागद पडलेले दिसायचे. त्याची समजूत अशी, की टॉकीजवाल्यांचा काहीतरी रिवाज असेल; लिंबाचा पाला गळतो तसे त्यांचे कागद गळत असतील. तो एकेक उचलायचा, फुंकर मारायचा, घोंगडीत गुंडाळून घरी न्यायचा. एकाच खेळाचे दोन कागद झाले तर त्यातला कमी चुरगळलेला ठेवायचा. पेटीत खाली कडुलिंबाचा पाला, वर पोस्टरं. वरची उर्दू आणि खालची नागरी, दोन्ही अक्षरं त्याला सारखीच. सिनेमा त्यानं पाहिलेला नव्हता, कारण आत गेलं तर बाहेर शेळ्या कोण राखणार? गोष्ट तो स्वतःच लावायचा. तलवार उपसलेला माणूस बाईचा दीर, बांधावरून भांडण चाललंय, मागचा किल्ला मावशीचा. पिशोरची कुणी पाहुणी आली की पेटी उघडून तो ही गोष्ट सांगायचा, आणि पुढच्या खेपेला वेगळीच सांगायचा.

त्याची बायको कस्तुराबाई जिभेनं तिखट. “एवढ्या बाया घरात आनून ठिवल्या. ह्यांना खायला कोन घालनार?”

“त्या खात नाय,” केरबा म्हणायचा.

“म्हनून तं ऱ्हाऊ दिल्या.”

एका शुक्रवारी नानासाहेबांनी सगळ्या शेळ्या कोंडवाड्यात घातल्या. पोस्टरांची भरपाई मिळेपर्यंत सुटणार नाहीत, असं जमादाराला बजावलं. केरबा रिकाम्या हातानं घरी गेला. घरी करडं ओरडत होती, दुधाची गिऱ्हाइकं तुटायला आली होती, आणि शेळ्यांशिवाय त्या घरात दुसरं उत्पन्न नव्हतं.

“पोस्टरं दावा त्यांना,” कस्तुराबाई म्हणाली. “अख्खी हायेत म्हनावं. शेळीनं खाल्लं असतं तं पेटीत कुठून आलं असतं?”

“दावली तं मला चोर म्हनतील.”

“आन् नाय दावली तं?”

“शेळ्या जातील.”

“मग तुमाला काय पायजे, शेळ्या का ह्या बाया?”

आता सांगतो ते हर्सूलला अजून चवीनं सांगतात. ह्या प्रश्नावर केरबा विचारात पडला. कस्तुराबाईनं तांब्या उचललेला पाहिल्यावर तो उठला, पेटीतली पोस्टरं घोंगडीत बांधली आणि कोंडवाड्याकडं निघाला.

तिथं गर्दी जमलेली. नानासाहेब परीक्षा घेत होते. कडूबानं त्यांच्यासमोर एक ताजं पोस्टर फळीवर चिकटवलं आणि फळी शेळ्यांपुढं धरली. शेळ्यांनी हुंगलं, एक शिंकली, आणि सगळ्यांनी तोंड फिरवलं.

“नै खा रई साब,” जमादार म्हणाला. “सूंघ के छोड़ दे रई.”

“विजयश्रीचं आणा,” नानासाहेब म्हणाले.

कुणीतरी शिडी लावून विजयश्रीचं एक पोस्टर खरवडून आणलं. ते पुढं येताच शेळ्या तुटून पडल्या. नायक गेला, नायिका गेली, तिकिटाचे दरही गेले.

नानासाहेबांनी टोपी काढली. शेळ्या विजयश्रीच्या पगारावर, आणि खातात विजयश्रीचीच पोस्टरं? गर्दीतून एकजण म्हणाला, “म्हणजे त्या तुमच्याच पगारावर असतील, नानासाहेब.” विजयश्रीचा माणूस तिथं होताच, तो मालकाला ही बातमी द्यायला पळाला.

एवढ्यात केरबानं गाठोडं सोडलं.

“मालक, शेळ्यांनी नाय खाल्ली. म्या उचलली.”

नानासाहेब खाली बसले. एकेक पोस्टर उलटंपालटं करून पाहिलं. कुठं कोपरा फाटलेला नाही, मागं भिंतीचा पापुद्रा नाही.

“भिंतीवरून काढलीस कशी?”

“काढली नाय. पडली व्हती.”

“चिकटवलेलं पोस्टर असं पडतं का रे?”

“मला काय ठावं. तुमचीच पोस्टरं.”

“कडूबा, तू ही चिकटवली होतीस?”

“आईशप्पथ मालक. तुमी सोता उभे व्हते.”

ते उभे होते. पोस्टर भिंतीवर चढताना त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. शेळ्या ते खात नाहीत हे आत्ताच पाहिलं होतं. आणि तेच पोस्टर अख्खं हातात होतं. नानासाहेबांनी तोंडानं हिशोब लावायला सुरुवात केली, मराठीत अडकले, उर्दूत गेले, तिथंही अडकले. शेवटी म्हणाले, “शेळ्या सोडा ह्याच्या. आणि केरबा, हे गाठोडं उचल. जुन्या खेळाचं पोस्टर मला काय चाटायचंय?”

केरबा शेळ्या आणि पोस्टरं दोन्ही घेऊन घरी आला. कस्तुराबाईनं आधी शेळ्या मोजल्या, मग पोस्टरांकडं बघून म्हणाली, “ह्या बी आल्या का परत?”

पुढं तीन-चार वर्षं पोस्टरं पडत राहिली आणि केरबा उचलत राहिला. मग एकदम पडायची थांबली. केरबा बरेच शुक्रवार भिंतीखाली उभा राहून वर बघायचा.

तो पार म्हातारा झाला तेव्हा मुंबईहून एक संग्राहक गृहस्थ आले. वेरूळ बघायला आले होते, कुणीतरी हर्सूलला आणलं. पेटी उघडली आणि त्यांना घामच फुटला. म्हणाले, ह्यातली काही पोस्टरं देशात दुसरीकडं कुठं उरलेली नाहीत, आणि असतील तिथं चिंध्या झाल्यात. ही इतकी स्वच्छ कशी काढली?

“काढली नाय. पडली व्हती.”

गृहस्थ हसले, त्यांना वाटलं, म्हातारा आपली युक्ती लपवतोय. संग्रह एका ठरावीक वर्षी एकदम का थांबतो, हेही त्यांनी विचारलं. केरबा म्हणाला, “त्ये मलाबी समजलं नाय.” त्यांनी ते पुढं आपल्या लेखात ‘संग्राहकाची अभिरुची बदलली’ असं छापलं. विकतोस का, म्हणून पुष्कळ गळ घातली. केरबानं त्यांना तलवारवाल्या दिराची गोष्ट ऐकवली, शेळीचं दूध पाजलं आणि पेटी बंद केली.

कडूबाची बायको आशाबाई हिनं पुढं माझ्याजवळ सगळं सांगितलं. पोस्टर चिकटवायच्या खळीसाठी टॉकीजकडून मिळणारं गव्हाचं पीठ कडूबा घरी आणायचा, आणि बादलीत पाणी घेऊन त्यात पांढरं दिसण्यापुरता चुना कालवायचा. ओलं होतं तोवर पोस्टर भिंतीला धरायचं. ऊन लागून वाळलं की पडायचं. कडूबानं ती नोकरी सोडली आणि पोस्टरं पडायची थांबली. शेळ्यांना कुणी काही देत नव्हतं.