ललितची घरबसल्या गंगा

माझा धाकटा भाऊ ललित अंबडच्या एका कंपनीत इंजिनियर आहे. काम काय, तर डोळ्यांवर तो व्हीआरचा चष्मा चढवायचा, दोन्ही हातांत यंत्राची एकेक मूठ धरायची, की जे दिसतं ते हातालाही लागतं. पाणी आलं की मुठी गार पडतात, धार लागली की थरथरतात. घरातला गळका नळ कधी या माणसाने दुरुस्त केला नाही, आणि निघाला खोटं पाणी बनवायला.

आमच्या आईचे गुडघे गेलेत. तिची एकच इच्छा होती, या सिंहस्थात गंगेत एक डुबकी मारायची. पुढचा बारा वर्षांनी, तोवर मी कुठली, असं ती स्वतःच म्हणायची. रामकुंड घरापासून रिक्षाने असं कितीसं लांब? पण ललितला वेळ नव्हता. "गर्दीत कशाला? मी तिला घरातच स्नान घालतो," म्हणाला. मातृभक्ती नुसती उतू चालली होती.

रविवारी त्याने आईला खुर्चीत बसवलं, चष्मा लावला, मुठी दिल्या. वासासाठी उदबत्तीसुद्धा लावली. समोर गंगा दिसली आणि आईने आपण सगळे करतो तेच केलं. हात जोडले. मुठी एकमेकींवर आपटल्या आणि एक फरशीवर पडून फुटली.

"आई, हात जोडायचे नाहीत गं," ललित खेकसला.

"मग गंगेपुढं काय हात बांधून बसू?" आई म्हणाली.

वर्षभर डोकं झिजवलं या शहाण्याने, पण घाटावर माणूस आधी हात जोडतो हे त्यात आलं नाही. येणार कुठून, स्वतः कधी जोडले असतील तर ना. बरं, चूक कळल्यावर तरी सुधारावं. पुढच्या रविवारी मुठींना पट्टे लावून आणले आणि आईच्या पंजांना आवळले. आता तळवे जुळणारच नव्हते. यावर स्वारी खूश.

आईने ती गंगा पाहिली. मग म्हणाली, "सोड रे बाबा माझे हात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली, रिक्षा बोलावली, ललितला म्हटलं चल. "पट्ट्यांचं काम राहिलंय, ताई," म्हणाला.

घाटावर आई एका हाताने मला आणि दुसऱ्याने साखळी धरून उतरली. पाणी कमरेला लागलं तशी म्हणाली, "मला मागून धर. दोन्ही हात जोडायचेत."

मी तिला घट्ट धरलं. तिने साखळी सोडली, हात जोडले आणि डुबकी मारली. वर आली तेव्हा ती रडत होती, आणि मीही.

एवढंच काम होतं ललितचं. मागून धरायचं.