शेजाऱ्यांचा डबा

आमच्या कसब्यातल्या शेजाऱ्यांना कुठेही न्या, मांडीवर डबा असतोच. "कुणाला आपला त्रास नको," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परवा नारायणगावकडे, जिथे वाइनही करतात अशा द्राक्षमळ्यात सहलीला निघालो. मला भलताच हुरूप आला होता. मी त्यांना बजावलं, "अहो, ते लोक हौसेनं जेवू घालतात. डबा गाडीतच राहू द्या, वाईट वाटेल त्यांना."

मळ्यात घड अगदी हाताशी लोंबत होते. मालकांनी वाइन ओतली. शेजाऱ्यांनी एक घोट घेतला. "द्राक्षं चांगलीच होती की. उगाच त्रास दिलात त्यांना."

मालक खदखदून हसले.

मांडवात पंगत बसली. मालकांची आई चुलीवरच्या गरम भाकऱ्या वाढत होती. तेवढ्यात शेजारी उठून डबा घेऊन आले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते थेट चुलीपाशी गेले.

"आजी, सगळे तुमच्या हातचं खातात. तुम्ही आज माझ्या हातची गुळपोळी खा."

आजींनी पदराला हात पुसले. "मला कोन वाढतंय, बाबा," म्हणत त्या तिथेच खायला बसल्या.

तव्यावरची भाकरी करपली, तरी त्यांना कुणी उठवलं नाही. ती भाकरी मी मागून घेतली.