बारा पिशव्या माती

सहादेवला मी कधी एका जागी बसलेलं पाहिलं नाही. केडगावात आमची एकच खोली. मी मराठीत बी.ए. करून नोकरी शोधत होतो. तो मृदाशास्त्रात एम.एस्सी. होऊन नगरला माती तपासायच्या सरकारी प्रयोगशाळेत लागला होता. त्याला पीएच.डी. करायची होती. कृषी विद्यापीठात त्या साली, बहात्तरच्या आरंभी, एकच जागा होती. अभ्यासरजाही त्याच वर्षापुरती मंजूर झालेली.

विषय त्याचा स्वतःचा. नेवाशाकडे कालव्याच्या पाण्यानं जमिनी चोपण झाल्या होत्या. वर पांढरा खार फुटायचा, पीक जळायचं. दोन वर्षांपूर्वी त्यानं बारा शेतकऱ्यांना खार उतरावा म्हणून शेतात जिप्सम टाकायला लावलं होतं. नोकरीमुळे जाणं जमेना, म्हणून कापडी पिशव्या पाठवून त्यानं त्या शेतांची माती मागवली. तपासली. बाराही शेतांतला खार उतरला होता. विद्यापीठातले प्राध्यापक खूश झाले. मुलाखत सोमवारी होती.

मुलाखतीत दाखवायला न्यायच्या पिशव्यांतली एक शनिवारी फाटलेली निघाली. ती पुन्हा भरून आणायला आम्ही दोघं एस.टी.नं गेलो. शेत दगडाबाईंचं. त्यांनी पिशवी घेतली आणि शेत ओलांडून विहिरीजवळच्या वांग्यांच्या वाफ्याकडे निघाल्या.

"मावशी, तिकडं कुठं? जिप्समचं शेत हे."

"ठावं हाय मला. मागल्या टायमाला बी हितूनच दिलीती."

सहादेव थांबला. "आणि बाकीच्यांनी?"

"समद्यांनी चांगलीच दिली की. माती नगरच्या हापिसात जायची. लेक दाखवायला बसवताना फाटकं लुगडं नेसवतं का कुनी?"

मला हसू फुटलं. सहादेव खाली वाकला, जिप्समच्या शेतातलं एक ढेकूळ उचललं आणि जिभेला लावलं. तो थुंकला. खारटच होतं. मग मी हसायचा थांबलो.

परतीच्या गाडीत तो प्रत्येक थांब्यावर उठून दारापर्यंत जायचा. कंडक्टर वैतागला. "साहेब, बसा तरी नायतर उतरा तरी!"

"सोमवारी काही बोलू नकोस," मी म्हणालो. "आधी जागा मिळव. मग खण किती खणायचं ते."

"कविराज, तुमच्या कवितेत चालतं ते."

"कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

रविवारभर तो खोलीत येरझारा घालत राहिला. जेवला नाही. दोनदा चपला घातल्या, दोनदा काढल्या. मला वाटलं, सकाळी शहाणा होईल.

सोमवारी विद्यापीठात मी मुलाखतीच्या खोलीबाहेर बाकावर थांबलो. दहा मिनिटांत तो बाहेर आला.

"काय विचारलं?"

"त्यांना विचारायचंच नव्हतं. अभिनंदन करत होते. मीच सांगितलं."

आठ वर्षं हा माणूस या एका गोष्टीसाठी धावत होता. जागा दुसऱ्याला गेली. प्राध्यापक त्याला एवढंच म्हणाले, "स्वतः खणलेली माती घेऊन ये, मग बघू." कधी, ते बोलले नाहीत.

त्यानंतर तो दर रविवारी कुदळ घेऊन नेवाशाला जाऊ लागला. एकदा मीही गेलो. गावात बातमी आधीच पोचली होती. आपल्याला हापिसात खोटं ठरवलं, असं लोकांनी धरलं होतं. त्या बारांतल्याच राधाकृष्ण पाटलांनी बांधावरूनच हात आडवा केला. "न्हाई जमायचं. आमची माती तुला खोटी वाटती ना?"

"माती खरी होती पाटील, शेत दुसरं होतं," सहादेव म्हणाला. पाटलांनी पाठ फिरवली.

एकट्या दगडाबाईंनी खणू दिलं. तो हातभर खोल गेला. त्या डोक्यावरचा पदर ओढून जरा लांब, तोंड वळवून उभ्या होत्या.

"पिशवीवर माझं नाव घालू नगंस," त्या म्हणाल्या.

त्यानं नाव घातलं नाही. चिठ्ठीवर 'एक' एवढाच आकडा लिहिला, पिशवी माझ्याकडे दिली. अजून अकरा शेतं होती. तो पुन्हा पाटलांच्या बांधाकडे चालू लागला.