पोस्टरवरील माझे उत्तर

गेल्या गुरुवारी दुपारी बजाजनगरात, कंपन्यांच्या बस थांबतात तिथल्या एका चहाच्या टपरीवर मी जवळजवळ तासभर उभा होतो. चहा सोडून मला बरीच वर्षे झाली... तरी दोन कप घेतले. टपरीच्या पत्र्यावर एक पोस्टर चिकटवलेले होते आणि ते कोणी वाचते का, एवढेच मला पाहायचे होते.

आमच्या सिडकोतील घराच्या वरच्या खोलीत शीतल नावाची विद्यार्थिनी भाड्याने राहते. ती मूळची लासूर स्टेशनची. येथे ग्राफिक डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षासाठी तिला एक छापील जनजागृती मोहीम तयार करायची होती. विषय तिने निवडला होता : स्त्रियांना येणारा हृदयविकाराचा झटका.

माझी पत्नी सुनंदा गेल्या वर्षी याच कारणाने गेली. विषय ठरवण्यापूर्वी शीतलने मला विचारले होते. मी ‘हरकत नाही’ असे उत्तर दिले... कार्यालयात फाइलवर लिहीत असे, तसेच.

माझी सारी नोकरी सरकारी परिपत्रकांचे मसुदे तपासण्यात गेली. त्यामुळे तिने मजकूर पाहायला दिला तेव्हा मी लाल पेन घेऊनच बसलो. ‘छाती, पाठ अथवा जबडा यांत अस्वस्थता जाणवल्यास विनाविलंब वैद्यकीय उपचार घ्यावेत’ हे वाक्य मी स्वतः घडवले. त्यात एकही चूक नव्हती.

शीतलची काम करण्याची एक पद्धत आहे. कच्चे पोस्टर घेऊन ती बाहेर पडते, समोरच्या माणसाला पाच आकडे मोजेपर्यंत दाखवते, मग उलटे करते आणि विचारते, काय होते यावर? पहिल्या चाचणीला मीही तिच्यासोबत बजाजनगरात गेलो. पिठाच्या गिरणीत डबा घेऊन बसलेल्या एका बाईंनी ते नीट पाहिले आणि त्या म्हणाल्या, “सरकारी कायतरी हाय. मुदत गेली आसंल.”

बाकीच्या बायका हसल्या. शीतल हसली नाही. तिचे दोन आराखडे शिक्षकांनी आधीच परत केले होते. हा तिसराही परत आला असता, तर तिचे वर्ष वाया गेले असते.

त्या संध्याकाळी ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मला म्हणाली, “काका, राग नका मानू. तुमचं वाक्य लई बरोबर हाय. पण दुखायलं असताना असं कोण बोलतं? माझी माय तर दुखतंय असं म्हणतच नाय. दुसरंच कायतरी म्हणती.”

मग मी तिला सांगितले. हे मी डॉक्टरांना सांगितले नव्हते, मुलालाही नाही. त्या सकाळी सुनंदा स्वयंपाकघरातून म्हणाली होती, “अहो, एवढ्या पोळ्या होऊ द्या, मग पडते जरा.”

इतकेच. ती दिवसा कधी आडवी होत नसे, हे मला ठाऊक होते... मी वर्तमानपत्र वाचत होतो.

 चार दिवसांनी शीतल नवे प्रूफ घेऊन खाली आली. पोळपाटाचे साधे रेखाचित्र, त्यावर अर्धवट लाटलेली पोळी आणि वर सुनंदाचे वाक्य. तळाशी लक्षणे आणि दवाखान्यात जाण्याची सूचना. काम चांगले होते, पण मसुदा अपूर्ण होता. मी पेन घेतले, त्या वाक्याखाली खूण केली आणि लिहिले : ‘बरं.’

“हे काय, काका?”

“माझे उत्तर,” मी म्हणालो. “ते गाळले गेले आहे.”

 ती हळूच म्हणाली, “म्हंजी हे पोस्टर बायांसाठी नायच. ऐकणाऱ्यासाठी हाय.”

पोस्टर गिरणीत लावण्याचा बेत तिने दुसऱ्या दिवशी बदलला. शिफ्ट सुटल्यावर पुरुष जेथे उभे राहतात, तेथे पोस्टर लावायचे ठरले. तळाची सूचनाही बदलली : ‘नुसतं बरं म्हणू नका. उठा, तिच्याकडे पाहा. शंका आली तर लगेच दवाखान्यात न्या.’ हा आराखडा शिक्षकांनी मंजूर केला.

छपाई गुलमंडीजवळ झाली. तेथील वयस्कर मालक चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “बेटा, ये ‘बरं’ इत्ता बारीक कायकू? दिखताच नै.” शीतल म्हणाली, “बारीकच ऱ्हाऊ द्या, चाचा. घरात तसंच म्हणतेत.” 

तर, गुरुवार. शिफ्ट सुटली. बरेच जण पोस्टरलाच पाठ टेकवून चहा पिऊन गेले... मग तिशीतला एक कामगार कप हातात धरून थांबला. त्याने खालपर्यंत वाचले. पुन्हा वरून वाचले. मग मोबाइल काढला.

“काय करायलीस?... सकाळी पाठ दुखती म्हणलीस ना?... नाय, असंच इचारलं... अजून दुखती? ऱ्हाऊ दे ते सगळं. बस. आलोच मी.”

कप अर्धाच ठेवून, बसची वाट न पाहता, त्याने रिक्षाला हात केला. पुढे काय झाले, मला माहीत नाही. कदाचित नुसती पाठच दुखत असेल... तसेच असावे.

घरी आल्यावर शीतलने विचारले, किती जणांनी वाचले? मी खरे ते सांगितले : एकाने. “बास की मग, काका,” ती म्हणाली.

सवयीचा शब्द ओठांवर आला होता. तो मी आवरला, तिच्याकडे पाहिले आणि तिचे आभार मानले.